विष ओळखणारी कोळंबी

"श्वास रोखा! कुणी हलू नका. ती आता न्याय करते आहे."

शिवणवर्गाच्या लांबट हॉलमध्ये सव्वाशे माणसं दाटीवाटीने बसली होती. सव्वाशे माणसांनी खरोखरच श्वास रोखला. शिलाईयंत्रं भिंतीला सरकवून त्यांच्यावर चादरी टाकल्या होत्या, त्यामुळे कडेने कुणीतरी गुडघ्यांत मान घालून बसल्यासारखं वाटत होतं. मधल्या मोठ्या टेबलावर एरवी कापड बेतलं जायचं. आज तिथे एक काचेची बरणी होती. बरणीत पाणी, पाण्यात नखाएवढी लालभडक कोळंबी आणि वरून दिव्याचा झोत.

बरणीमागे नितळ महाराज उभे होते. अंगात शुभ्र कपडे, चेहऱ्यावर हसू, आणि आवाज असा की जिन्यात चपला राखणाऱ्यालाही पाठ व्हावा.

"माणूस खोटं बोलतो. डॉक्टर खोटं बोलतो. रिपोर्ट तर छापील खोटं बोलतो! पण पाणी खोटं बोलत नाही. आणि ही पाण्याची लेक! हिच्या अंगातून आरपार दिसतं. जिच्या पोटात लपवायला जागा नाही, ती खोटं कशाला बोलेल?"

या हिशेबाने खिडकीच्या काचेलाही न्यायाधीश करायला हरकत नव्हती. पण असं म्हणायची ती जागा नव्हती. पुढे कोपऱ्यावरचा बेकरीवाला हात जोडून उभा होता.

"गोळी चालू की बंद?" महाराजांनी विचारलं.

"चालू आहे महाराज. रक्तदाबाची. रोज सकाळी एक."

"बोट शुद्ध करून घे." महाराजांनी उजवीकडच्या डब्यातून ओला, गडद निळा रुमाल काढला, बेकरीवाल्याचं बोट चांगलं चोळून पुसलं आणि बरणीत बुडवायला लावलं. अकरा आकडे मोजून झाल्यावर म्हणाले, "काढ. आता बघा."

मग वीसेक मिनिटं त्यांचं बोलणं चालू राहिलं. बोलण्यात सगळं होतं: नद्या, गर्भातलं पाणी, डोळ्यांतलं पाणी, आजकालच्या सुनांच्या डोळ्यांत नसलेलं पाणी. यावर पुढच्या रांगेतल्या बायका खुदकन हसल्या. आणि बोलणं चालू असतानाच बरणीतली कोळंबी एकाएकी सैरावैरा धावायला लागली. काचेला धडकली, वर आली, खाली गेली. मग एका कुशीवर कलंडली. तिचे केसासारखे पाय थोडा वेळ पाणी चाळवत राहिले आणि थांबले.

हॉलमधून एकच हुंकार उठला.

"हे विष तू रोज सकाळी गिळतोस!" महाराज हळूच म्हणाले. ओरडले असते तर एवढी भीती वाटली नसती.

त्यानंतर शिवणबाई पुढे आल्या. हॉल त्यांचाच. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी आपल्या गोळ्या बंद केल्या होत्या. महाराजांनी डावीकडच्या डब्यातला तसाच निळा रुमाल घेतला. पाणी नवं, कोळंबी नवी. या वेळी बरणीत त्यांनी एक वाळलेलं पान सोडलं, "तिला टेकायला." थोड्या वेळाने पानाखालून एक पारदर्शक, पोकळ कोळंबी तरंगत वर आली, आणि खरी कोळंबी खाली ठणठणीत फिरत होती.

"देह टाकला! बाईंचा रोग तिने देहासकट टाकला!"

लोक रडत होते. शिवणबाई तर हुंदके देत होत्या.

मागे दाराशी एक तरुण बाई उभी होती. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, त्यामुळे चूक दिसली की डोळा आपोआप अडखळायचा. आताही अडखळला. तिच्या घरी टाकी होती. अशाच लाल कोळंब्या तिने दोन वर्षं पाळल्या होत्या. वाढताना कोळंबी कात टाकते, महिन्यातून एकदा तरी, एवढं तिच्या सहा वर्षांच्या लेकीलाही माहीत होतं. आणि बरणीतली ही कात तर आतल्या कोळंबीच्या दुप्पट होती. अंगापेक्षा बोंगा मोठा! एवढ्याशा अंगातून एवढा सदरा निघालाच कसा? पानाला चिकटवून आणला असणार, दुसरं काय.

तिला हसू आलं. पण ओठांवर यायच्या आतच ते विरलं. कारण पहिल्या रांगेतून तिच्या सासूबाई उठल्या होत्या आणि त्यांच्या कडेवर तिची लेक, भिंगरी होती.

"आई, नको!" ती गर्दीतून पुढे घुसायला लागली. "आई, तिला खाली ठेवा!"

"चालू की बंद?" महाराजांचा आवाज.

"चालू आहे हो. आकडीची. दिवसातून तीनदा देतो पोरीला," सासूबाई म्हणाल्या.

उजवा डबा. निळा रुमाल. भिंगरीचं चिमुकलं बोट. भिंगरीची आई टेबलापर्यंत पोचली तोवर अकरा आकडे संपले होते. मग सगळ्यांबरोबर तिनेही पाहिलं. न पाहता येईना. कोळंबी धावली, धडकली, कलंडली.

"पोरीच्या रक्तात विष भिनलंय," महाराज म्हणाले आणि सासूबाईंकडे न बघता थेट तिच्याकडे बघितलं. "देणारी आईच आहे ना?"

सव्वाशे माना तिच्याकडे वळल्या.

*

तिघी घरी आल्या. जेवणं झाली. भांडी घासताना त्या एकदम म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. मला सांग, मग ती कोळंबी मेली कशाने?"

कात तिला उलगडली होती, पण मरण उलगडलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना आई? एकदम बंद केली तर जास्त मोठी फिट येईल. चौदा महिने झालेत. दोन वर्षं एकही आली नाही की ते स्वतःच कमी करणार आहेत."

"डॉक्टर काय, सांगतीलच. त्यांचं दुकान आहे."

"आणि महाराजांचं काय आहे?"

"तुझं डोकं आहे तिरकं," सासूबाई म्हणाल्या आणि नळ जोरात सोडला.

नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असायचा. फोनवर तो म्हणाला, "तू बघ काय ते." त्याचं हे वाक्य पाठ झालं होतं. ती बघतच होती. बघणं हेच तिचं काम झालं होतं. भिंगरी घास चावताना थांबली तर ती बघायची, झोपेत कूस वळली तर बघायची. पहिली फिट आली तेव्हापासून या घरात कुणी नुसतं बसलंच नव्हतं.

टाकीही त्यातूनच आलेली. मुलीला काहीतरी जिवंत हवं होतं, आणि आईला असं काहीतरी, जे धावत अंगावर येणार नाही. खिडकीजवळ दोन हात लांब काच, तळाशी काळी वाळू, शेवाळाचा गुच्छ आणि त्यात एकतीस कोळंब्या. मायलेकी रोज सकाळी मोजायच्या. जीव मोठा नाजूक. पाणी एकदम बदललं तर मरतात, शेजारच्या खोलीत डासांचा फवारा मारला तर मरतात.

दुसऱ्या दिवसापासून ती गोळ्यांची पाकिटं तपासायला लागली. दुपारची गोळी सासूबाईंकडे असायची, ती स्वतः कामावर असायची ना. दुपारच्या पाकिटात रोज एक खळगा रिकामा होत होता. हिशेब बरोबर. मग जिवाला घोर का लागला होता?

चौथ्या दिवशी भिंगरी चित्र काढत होती. पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबली. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा खाली टेकली.

"काय झालं गं?"

"काय?" भिंगरी म्हणाली.

मनाचे खेळ, तिने स्वतःला सांगितलं. शेजारच्या खोलीत सासूबाई महाराजांचा जप पुटपुटत होत्या. घर इतकं शांत होतं की टाकीतल्या पंपाची बुडबुड ऐकू येत होती.

त्याच आठवड्यात बेकरी बंद दिसली. दाराला कुलूप, आत कालचे पाव तसेच. शेजारच्या दुकानातल्या वाणीणकाकू म्हणाल्या, "अगं, डावा हात आणि डावा पाय गेला त्याचा. गोळी सोडून चार दिवस झाले होते. महाराज म्हणतात, जुनं विष बाहेर पडतंय."

तिने रिक्षा केली नाही, धावतच घरी गेली. भिंगरी दारात उड्या मारत होती. तिने लेकीला इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

सहाव्या दिवशी दुपारी छापखान्यात फोन आला. पलीकडे सासूबाई नुसतं भिंगरीचं नाव घेत होत्या.

*

फिट सात मिनिटं चालली. आधीची कुठलीच तीनच्या वर गेली नव्हती. दवाखान्यात भिंगरी सुईच्या औषधाने झोपली होती आणि बाहेरच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दुपारची गोळी चुकली होती का?"

"नाही," ती म्हणाली. "पाकीट मी रोज तपासते."

"चुकली," सासूबाई म्हणाल्या.

त्या जमिनीकडे बघत होत्या. "सहा दिवस. मी... महाराज म्हणाले होते, कोळंबी विष ओढून घेते. म्हटलं, पोरीच्या वाटचं विष त्यांनाच द्यावं. गोळी काढायची आणि टाकीत टाकायची."

हात उचलला गेला असता, असं तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं.

"आई," ती म्हणाली, "आपल्या टाकीत? सहाच्या सहा?"

"हो गं. मारून टाक मला."

"आज सकाळी आम्ही मोजल्या. एकतीस आहेत."

सासूबाईंनी मान वर केली.

"तिच्या बोटावर किती औषध असेल हो आई? सुईच्या टोकाएवढं तरी? तेवढ्याने त्याची कोळंबी वीस मिनिटांत मेली. आणि आपल्याकडच्यांनी सहा आख्ख्या गोळ्या पचवल्या?"

भिंगरीला घेऊन दोघी घरी गेल्या तेव्हा टाकीच्या कोपऱ्यात पांढरट भुकटीचा ठिपका होता. त्यावर पाच-सहा कोळंब्या बसून चिमट्यासारख्या हातांनी काहीबाही वेचून तोंडात घालत होत्या, भाजी निवडणाऱ्या बायकांसारख्या. सासूबाई कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"खातायत की गं मेल्या," त्या अखेर म्हणाल्या. आणि मग, "म्हणजे विष गोळीत नव्हतंच."

"नव्हतं."

"मग कशात होतं?"

आता तिला ते मरण आठवलं: धावणं, धडकणं, कुशीवर पडणं. हे तिने पूर्वी पाहिलं होतं. पहिल्या वर्षी तिने गॅलरीतल्या वेलीवर बुरशीसाठी मोरचुदाचं पाणी फवारलं, हात कसेबसे विसळले आणि त्याच हातांनी टाकीतलं शेवाळ सारखं केलं. संध्याकाळपर्यंत एकही कोळंबी उरली नव्हती. ती रडवेली होऊन मासेवाल्या काकांच्या दुकानात गेली, तर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "पोरी, हात कशाला लागला होता? मोरचूद म्हणजे तांबं. तांबं यांचा काळ. माणसाला कळणारसुद्धा नाही एवढं पुरतं."

मोरचूद निळं असतं. म्हणून रुमाल निळे, रंग लपायला!

"उजवा डबा आणि डावा डबा," ती म्हणाली. "आई, तो आधी विचारतो. 'चालू की बंद?' उत्तर ऐकतो आणि मग रुमाल उचलतो."

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या बोलल्या तेव्हा आवाजात धार होती. "शनिवारी मी जाणार."

"मी जाते. तुम्ही—"

"तू गेलीस तर म्हणेल, शिकलेली आहे, तोंडाळ आहे. मी पहिल्या रांगेतली. माझ्याच हाताने पोरीचं बोट त्या पाण्यात घातलं ना? मग आता माझंच बोट त्यात जाईल."

*

शनिवारी भिंगरीला घरी तिच्या बाबांजवळ ठेवलं होतं. हॉल जास्तच भरला होता. बेकरीवाल्याची बातमी सगळ्यांना कळली होती, पण त्याने गर्दी घटली नव्हती, वाढली होती. भीतीचं असंच असतं. ती माणसाला दाराबाहेर काढत नाही, अजून आत ढकलते.

"बेकरीवाला उशिरा आला माझ्याकडे," महाराज सांगत होते. "विष मुळापर्यंत गेलं होतं. तुमचं अजून वेळेत आहे."

सासूबाई उठल्या.

"चालू की बंद, माई?"

"चालू," सासूबाई म्हणाल्या. "तीन-तीन गोळ्या महाराज. साखरेची, सांध्यांची आणि झोपेची."

उजवा डबा. निळा रुमाल. बोट चोळून पुसलं, बुडवलं. अकरा. महाराज गर्भातल्या पाण्यापर्यंत पोचले तोवर कोळंबी धावू लागली, आणि नद्यांचं पुन्हा आटोपलं तेव्हा ती आडवी झाली होती.

"पाहिलंत? तीन गोळ्यांचं विष!"

"कुठल्या तीन?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात माई."

"मी खोटं बोलले." त्या लोकांकडे वळल्या. "मला ओळखता ना सगळे? जन्मात गोळी माझ्या घशाखाली उतरली नाही. डोकं दुखलं तर फडकं बांधते. विचारा माझ्या सुनेला, एक गोळी गिळायला सांगितली तर कशी पळते मी!"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग माझ्या अंगात कुठलं विष होतं महाराज? कोळंबी खोटं बोलत नाही ना? मी खोटं बोलले आणि तिला कळलंच नाही!"

महाराजांचं हसू जागच्या जागी होतं, फक्त त्यातला माणूस निघून गेला होता. "अश्रद्धेचं विष, माई. सगळ्यांत जहाल. ज्या घरात सून—"

"सून इथेच आहे," ती म्हणाली आणि टेबलाशी आली. तिने पिशवीतून आपली बरणी काढून त्याच्या बरणीशेजारी ठेवली. "यात माझ्या मुलीची आख्खी गोळी सकाळी विरघळवली आहे. बघा, कोळंबी काय करते आहे ती."

लोक उठून पुढे झुकले. कोळंबी तळाशी निवांत दाणे टिपत होती.

महाराजांचा हात उजव्या डब्याकडे गेला. शिवणबाईंचा आधीच पोचला होता. त्या तीस वर्षं कात्री चालवत आल्या होत्या. त्यांच्या मनगटातून काही सोडवून घेणं सोपं नव्हतं.

"हे काय करताय बाई? तुम्ही तर माझ्या भक्त!"

"मीही बघते की," शिवणबाई म्हणाल्या. "बघायला काय हरकत आहे?"

त्यांनीच रुमाल पिळला. पांढऱ्या कपात चार-पाच चमचे पाणी जमलं, शाईत बुडवल्यासारखं निळं. दुसऱ्या कपात डाव्या डब्यातला रुमाल पिळला. तो ओला होता इतकंच, पाणी जवळजवळ स्वच्छ. तिने पर्समधून दोन लोखंडी खिळे काढले, काचकागदावर घासून लखलखीत केले आणि एकेका कपात सोडले.

"हा प्रयोग आठवीच्या पुस्तकात आहे," ती म्हणाली. "त्या पानाची मुद्रितं मीच तपासली आहेत. पाच मिनिटं थांबा. या वेळी श्वास रोखायची गरज नाही."

पाच मिनिटांत महाराज बरंच बोलले. शाप दिला, मग क्षमा केली, मग प्रकृतीचं कारण सांगून जिन्याकडे वळले. जिन्यात बेकरीवाल्याचा भाऊ वाट अडवून बसला होता. तो उठला नाही. नुसता बसून राहिला. महाराज परत आले.

तिने खिळे बाहेर काढून पांढऱ्या कापडावर ठेवले. डावा खिळा होता तसाच होता. उजव्यावर तांबूस थर चढला होता.

"हे तांबं आहे. रुमालात मोरचूद होतं, शेतीच्या दुकानात किलोने मिळतं ते. कोळंबीला त्याचा अंशही सोसत नाही. गोळी 'चालू' म्हटलं की हा रुमाल, 'बंद' म्हटलं की तो. 'देह टाकला' म्हणजे नुसती कात, पानाखाली लपवलेली. माझ्या घरी शेवाळात ढिगाने सापडतात. यात कुठे दैव नाही, कुठे विष नाही. आहे तो एका माणसाचा हात, आणि आपण त्या हाताकडे बघायचं सोडून बरणीकडे बघत बसलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी पोलिसांना फोन केला. कुणी महाराजांच्या अंगावर धावला नाही हेही खरं, लोक त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हते.

"माझ्या मुलीला फिट येऊन चौदा महिने झाले होते," ती म्हणाली. "आता डॉक्टरीणबाईंनी मोजणी परत पहिल्यापासून सुरू केली आहे. पुढच्या फिटमध्ये काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. मला कुणाला हसायचं नाही. त्या दिवशी कोळंबी मेली तेव्हा मलाही क्षणभर खरं वाटलं होतं. घाबरलेल्या माणसाला काहीही खरं वाटतं. म्हणून एवढंच सांगते. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, परत करून दाखव, आणि या वेळी रुमाल माझा. डॉक्टरलाही विचारा, का, कशासाठी, किती दिवस. जो खरा आहे तो विचारल्याने चिडत नाही."

शिवणबाई तिच्याजवळ आल्या, अगदी कानाशी.

"मी महिना झाला घेतली नाही गं. हृदयाची होती. गेले दोन दिवस जिना चढवत नाही मला. आता एकदम सुरू करू का?"

"मला विचारू नका बाई. मी डॉक्टर नाही." तिने घड्याळ बघितलं. "दवाखाना साडेआठला बंद होतो. चला, आत्ताच जाऊ."

"मी येऊ का?" वाणीणकाकू मागून म्हणाल्या. त्यांनी काय बंद केलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मग एक म्हातारा उठला. मग एक नवरा-बायको, एकमेकांकडे न बघता.

रस्त्यावर दिवे लागले होते. दहा-बारा माणसं दवाखान्याच्या दिशेने चालली होती, हळू, कारण शिवणबाईंना भरभर चालवत नव्हतं. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला होता. वळणावर आल्यावर दवाखान्याचा दिवा अजून जळतोय की नाही, हे प्रत्येक जण मान उंचावून बघत होता.